पावती देतो, माणसं देत नाही: बटलर वकिलाची फोर्ट मन्रोची केस

अमेरिकेतली गुलामगिरी कशी संपली असं कुणी विचारलं की आपण पटकन लिंकनचं नाव घेतो आणि १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा सांगून मोकळे होतो. ते चूक नाहीच. पण त्याच्या दीड वर्ष आधी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एका किल्ल्यात एक छोटीशी भानगड झाली होती, तीन माणसं, एक होडी आणि एक वकील एवढंच तिचं भांडवल, आणि मला विचाराल तर जाहीरनाम्याकडे जाणारी वाट तिथून फुटते. वकिलाचं नाव बेंजामिन फ्रँकलिन बटलर. अंगाने जाड, डोक्याला टक्कल पडत आलेलं, डोळ्याने तिरळा, स्वभावाने भांडकुदळ, आणि मुख्य म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळ वगैरेशी काडीचाही संबंध नसलेला माणूस. म्हणून तर ही केस नीट सोलून बघायला मजा येते.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म ५ नोव्हेंबर १८१८, न्यू हॅम्पशायरमधल्या डीअरफील्ड गावी. वडील जहाजाचे कप्तान, हा पाळण्यात असतानाच ते वेस्ट इंडीजकडे तापाने गेले. आई पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला आली आणि तिने गिरणीकामगार मुलींसाठी राहण्याजेवणाचं बोर्डिंग चालवायला घेतलं. लोवेल म्हणजे त्या काळातलं अमेरिकेतलं कापड गिरण्यांचं मोठं गाव, आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या पोरी तिथे कामाला यायच्या आणि अशा बोर्डिंगात राहायच्या. म्हणजे पगार किती कापला, भोंगा किती वाजता झाला, कोण आजारी पडलं, या गप्पा पोराच्या कानावर जेवणाच्या टेबलावरच पडत असणार. १८४० ला सनद मिळाली आणि लोवेलमध्येच वकिली सुरू. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात की एका गिरणीकामगार पोरीचा पगार कंपनीने अडवला होता तर याने दावा लावला आणि टाच कशावर आणली, तर गिरणीच्या पाणचक्कीवर! चाक थांबलं की अख्खी गिरणी थांबणार, कंपनीने गपचूप पैसे दिले. किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झालेला आहे, पण माणूस कसा होता ते त्यातून बरोबर कळतं, कायद्याच्या पुस्तकात सगळ्यात क्षुल्लक दिसणारी तरतूद शोधायची आणि समोरच्याच्या नेमक्या मर्मावर ठेवायची.

कामगारांसाठी दहा तासांचा दिवस मागणारा हाच माणूस राजकारणात मात्र डेमोक्रॅट, आणि तोही दक्षिणेशी जुळवून घ्या म्हणणारा. यात विसंगती दिसते खरी, पण लोवेलच्या गिरण्या चालायच्या त्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर, तेव्हा गावातल्या बऱ्याच लोकांना तिकडचं काही ढवळू नये असंच वाटायचं. (हाच कापूस पुढे युद्धात अडकला, मग इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसामागे धावले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ ला सगळा फुगा फुटला, पण ते वेगळं प्रकरण.) बटलर १८५३ ला राज्याच्या विधानसभेत गेला, १८५९ ला राज्याच्याच सिनेटमध्ये, गव्हर्नरपदाला उभा राहून पडला. आणि १८६० मध्ये चार्ल्सटनला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून याने एका माणसाला फेरीमागून फेरीत मत दिलं. कोण तो माणूस? जेफर्सन डेव्हिस. तोच डेव्हिस, जो वर्षभरात बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला. हे नाव लक्षात ठेवा.

एप्रिल १८६१ मध्ये उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. त्या काळी राजकारणी लोकच मिलिशियाचे (म्हणजे राज्याच्या हंगामी नागरी फौजेचे) जनरल असायचे, तसा बटलरही होता, तो मॅसॅच्युसेट्सच्या पलटणी घेऊन मेरीलँडमध्ये ॲनापोलिसला उतरला. तिथे अफवा उठली की गुलाम उठाव करणार आहेत. बटलरने काय करावं? मेरीलँडच्या गव्हर्नरला लगेच पत्र लिहिलं की असा उठाव झालाच तर मोडून काढायला माझे सैनिक हजर आहेत! त्याचा स्वतःचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू गुलामगिरीचा कट्टर विरोधक, त्याने नाराजी कळवली, तर बटलरने उलट त्यालाच लांबलचक पत्र लिहून आपलं कसं बरोबर आहे ते समजावलं. ही एप्रिलच्या शेवटाची गोष्ट आहे आणि आपली केस मे महिन्याच्या शेवटाची. मधे एकच महिना. मग १३ मे ला या गृहस्थाने वरून हुकूम नसताना बाल्टिमोर ताब्यात घेतलं, म्हातारे सरसेनापती विनफील्ड स्कॉट भडकले, आणि बढती म्हणा की बदली म्हणा, मेजर जनरलचा हुद्दा देऊन त्याला फोर्ट मन्रोला धाडून दिलं. २२ मे ला तो तिथे पोचला.

फोर्ट मन्रो ही जागा पण बघा कशी. व्हर्जिनियाच्या टोकाला, ओल्ड पॉईंट कम्फर्ट नावाच्या भूशिरावर, खंदकाने वेढलेला मोठा दगडी किल्ला. १६१९ साली व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन लोक बळजबरीने आणून उतरवले ते याच पॉईंट कम्फर्टला. किल्ला बांधताना तिथे एक तरुण इंजिनिअर लेफ्टनंट काम करायचा, रॉबर्ट ली, जो आता बंडखोरांच्या बाजूला होता. व्हर्जिनिया फुटून निघालं तरी हा किल्ला केंद्र सरकारच्या हातात राहिला, म्हणजे शत्रूच्या घरात आपली एक खोली असावी तसं. समोर हॅम्प्टन रोड्स, रोड्स म्हणजे रस्ते नव्हेत, जहाजं नांगरायची मोठी खाडी, आणि पाण्यापलीकडे सीवेल्स पॉईंट, जिथे बंडखोर तोफांचा मोर्चा बांधत होते. बांधत होते म्हणजे अर्थातच गुलामांकडून बांधून घेत होते.

२३ मे ची रात्र

२३ मे १८६१ ला व्हर्जिनियाच्या मतदारांनी युनियनमधून, म्हणजे अमेरिकेच्या संघातून, बाहेर पडण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघं सीवेल्स पॉईंटवरून होडीत बसले आणि खाडी पार करून किल्ल्याच्या पहारेकऱ्यांपुढे येऊन उभे राहिले. तिघंही चार्ल्स मॅलरी नावाच्या माणसाच्या मालकीचे, हा मॅलरी व्हर्जिनिया मिलिशियाच्या ११५ व्या रेजिमेंटचा कर्नल. (शेपर्डचं आडनाव पण मॅलरी, मालकाचंच.) मालक त्यांना आता नॉर्थ कॅरोलायनाला मोर्चाच्या कामाला पाठवणार होता, बायकापोरांपासून लांब, एकदा तिकडे गेलो की परत भेट नाही ही भीती. म्हणून निघाले.

इथे जरा थांबून त्या तिघांनी काय जोखीम घेतली ते बघितलं पाहिजे. किल्ल्यातल्या लोकांनी त्यांना ठेवून घेतलं पाहिजे असं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं, उलट सगळं त्यांच्या विरुद्धच होतं. दोनच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, फ्लोरिडातल्या फोर्ट पिकेन्सला असेच काही गुलाम आसऱ्याला आले होते, तिथला अधिकारी लेफ्टनंट स्लेमर याने त्यांना सरळ नेऊन पेन्साकोलाच्या मार्शलच्या ताब्यात दिलं. परत पाठवल्यावर काय व्हायचं ते सांगायला नको, पाठीवर कातडं राहायचं नाही, आणि वर दूर कुठेतरी विक्री.

सकाळी बटलरने तिघांना एकेकटं बोलावून विचारलं. वकीलच तो, साक्षीदार वेगवेगळे तपासायचे ही सवय. कुणाचे तुम्ही, काय काम करत होता, तिकडे तोफा किती लागल्यात. तिघांच्या उत्तरांतून एक गोष्ट पक्की झाली, हे लोक शत्रूच्या तोफखान्याचं बांधकाम करत होते. आणि बटलरला स्वतःला पण मजूर हवेच होते, किल्ल्यात भट्ट्या बांधायच्या, माल उतरवायचा, कामं पडलेली.

पेच काय होता

आता कायदा बघा. राज्यघटनेच्या चौथ्या कलमातच लिहिलेलं की एका राज्यातून पळून दुसऱ्यात गेलेला गुलाम मालकाने मागितला की परत द्यायचा. त्यावर १८५० चा फ्युजिटिव्ह स्लेव्ह कायदा, म्हणजे पळालेल्या गुलामांना धरून परत द्यायचा कायदा, जो भलताच कडक. लिंकनने मार्चमध्ये शपथ घेतानाच सांगितलेलं की जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात घालणार नाही. शिवाय मेरीलँड, केंटकी, मिसूरी, डेलावेअर ही गुलामगिरीवाली राज्यं अजून युनियनमध्येच होती, त्यांना जरा जरी वाटलं की हे युद्ध आमचे गुलाम सोडवायला चाललंय तर ती पण तिकडे गेली असती. म्हणजे परत दिले तर शत्रूचे मोर्चे आपणच बांधून दिल्यासारखं, आणि मुक्त केले म्हणून जाहीर केलं तर वॉशिंग्टनमधून दुसऱ्या दिवशी कानउघाडणी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि मुक्त करण्याचा अधिकार एका मिलिशियावाल्या जनरलला नव्हताच. हे नुसतं तर्काने म्हणत नाही, तीन महिन्यांनी मिसूरीत जनरल फ्रेमाँटने ते करून पाहिलं, ३० ऑगस्टला बंडखोरांचे गुलाम मुक्त म्हणून जाहीरनामा काढला, लिंकनने तो बदलायला लावला आणि नोव्हेंबरपर्यंत फ्रेमाँटचं पद गेलं. फ्रेमाँटची भूमिका उदात्त होती पण टिकली नाही. आपला लोवेलचा वकील उदात्तबिदात्त काही बोललाच नाही.

२४ मे ला पलीकडून पांढरं निशाण घेऊन मेजर जॉन बेटॉप कॅरी आला. हा पेशाने शाळामास्तर, हॅम्प्टनला त्याची मिलिटरी ॲकॅडमी होती, आणि चार्ल्सटनच्या त्या अधिवेशनात दोघं एकाच पक्षाचे म्हणून हजर होते, म्हणजे जुनी ओळख. किल्ल्याबाहेर रस्त्यावर भेट झाली. आधी इकडचं तिकडचं, ज्या कुटुंबांना उत्तरेकडे जायचंय त्यांना नाकेबंदीतून सोडाल का वगैरे, बटलरने नाही म्हटलं. मग मूळ मुद्दा आला: मी कर्नल मॅलरींचा एजंट म्हणून आलोय, त्यांची तीन माणसं तुमच्याकडे आहेत, त्यांचं काय करणार?

पुढचा संवाद बटलरने नंतर स्वतः सांगितलाय तसा, माझ्या भाषेत. बटलर म्हणाला, ठेवून घेणार. कॅरी म्हणाला, मग घटनेने तुमच्यावर टाकलेली जबाबदारी तुम्ही मोडणार? बटलर म्हणाला, छे, मी तर व्हर्जिनियाचा निर्णय मानतोय, तुम्ही कालच ठरवलंत ना की आम्ही वेगळा देश, मग परक्या देशाप्रति माझी घटनात्मक जबाबदारी कसली? कॅरीही कच्चा नव्हता. तो म्हणाला, पण तुमचं म्हणणं आहे की आम्हाला फुटून निघताच येत नाही, मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुम्हाला त्यांना अडवून ठेवता येत नाही. त्यावर बटलर: पण तुमचं म्हणणं आहे की तुम्ही फुटून निघालात, मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुम्हाला ते मागता येत नाहीत, मी त्यांना युद्धातला कॉन्ट्राबँड, म्हणजे जप्तीचा माल, म्हणून ठेवून घेतोय. आणि वर एक ऑफर: कर्नल मॅलरी स्वतः किल्ल्यात येऊन अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेणार असतील तर माणसं परत देतो. कॅरी रिकाम्या हाताने गेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो, कारण हा कोर्टातला डाव आहे, नुसता मैदानात खेळलेला. एस्टॉपेल म्हणतात त्याच्या जातीचा, तू एकदा जे बोललास त्याच्या उलट आता बोलू शकत नाहीस. मॅलरीला दोनच वाटा ठेवल्या, व्हर्जिनिया परका देश असेल तर अमेरिकेचा कायदा तुझ्या मदतीला येणार नाही, आणि परका देश नसेल तर ये, शपथ घे, म्हणजे तुझं कर्नलपद आणि बंड दोन्ही गेलं.

पण खरी मेख पुढे आहे. बटलरने ते तिघं माणूस आहेत असा दावा केलाच नाही. त्याने मालकाचंच म्हणणं शंभर टक्के मान्य केलं की ठीक आहे, ही तुमची मालमत्ता, घोड्यासारखी, फावड्यासारखी. मग शत्रूची मालमत्ता शत्रूच्या लष्करी कामात वापरली जात असेल तर ती जप्त करणं हा युद्धाचा जुना नियमच आहे ना? स्कॉटला पाठवलेल्या रिपोर्टात त्याने अगदी कोरडेपणाने लिहिलंय की माझ्या क्वार्टरमास्टर खात्याला (रसद-सामान बघणाऱ्या) मजुरांची फार गरज आहे, म्हणून मी यांना कामाला लावतोय आणि कर्नल मॅलरीला रीतसर पावती देईन, इतर कुठली मालमत्ता घेतली असती तर दिली असती तशीच. पावती! तीन जिवंत माणसांची. वाचताना अंगावर येतं, आणि त्याच वेळी कळतं की याच कोरडेपणामुळे वॉशिंग्टनमध्ये कुणाला ओरडता येईना, कारण यात गुलामगिरीच्या तत्त्वाला कुणी हातच लावला नव्हता.

कायद्याने हे बरोबर होतं का

खरं सांगायचं तर कच्चं होतं. कॉन्ट्राबँड हा शब्द समुद्रावरच्या व्यापाराचा, तटस्थ देशाच्या जहाजातून शत्रूकडे चाललेला दारूगोळा वगैरे माल अडवून जप्त करायचा, १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात तो त्याच अर्थाने येतो. जमिनीवर, शत्रूच्याच मालकीची, स्वतःच्या पायाने चालत (म्हणजे वल्हवत) आलेली 'वस्तू' कॉन्ट्राबँड कशी होणार? तटस्थ कोण, जहाज कुठलं? गंमत म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या लेखी रिपोर्टात हा शब्द नाहीच, तो गाजला तोंडातोंडी आणि वर्तमानपत्रांतून. बटलरने म्हातारपणी स्वतःच लिहिलंय की वकील म्हणून मला त्या युक्तिवादाचा कधी फार अभिमान वाटला नाही, पण अंमलदार म्हणून कर्तव्य करायला त्याचा मोठा आधार झाला.

दुसरी गोची त्याहून मोठी. बंड बेकायदा, व्हर्जिनिया अजून अमेरिकेतच, ही लिंकन सरकारची अधिकृत भूमिका. मग बटलर त्यांना परका देश कसा म्हणतो? पण सरकार तरी काय वेगळं करत होतं, १९ एप्रिलला बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती आणि नाकेबंदी ही दोन युद्धमान पक्षांमधली गोष्ट, स्वतःच्याच बंदरांची कुणी नाकेबंदी करत नाही, बंदरं बंद करतो. ही दुहेरी भूमिका चालते का यावर सुप्रीम कोर्टाने १८६३ मध्ये प्राइझ केसेसमध्ये (नाकेबंदीत पकडलेल्या जहाजांचे खटले) हो म्हटलं, तेही ५ विरुद्ध ४ असं काठावर. म्हणजे बटलर रस्त्यात उभा राहून जे बोलला ते कोर्टाला पचवायला दोन वर्षं लागली.

पण मग पोरांचं काय

तिघं परत पाठवले नाहीत ही बातमी कशी पसरली देव जाणे, पण दोन-तीन दिवसांत माणसं येऊ लागली, आधी आठ, मग चाळीस-पन्नास, आणि आता नुसते बाप्ये नाहीत, बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. ते लोक किल्ल्याला 'फ्रीडम फोर्ट' म्हणायला लागले. आणि इथे बटलरचा युक्तिवाद उघडा पडला, कारण तोफेचा मोर्चा बांधणारा गडी शत्रूचं हत्यार म्हणता येईल, पण सहा महिन्यांचं पोर?

२७ मे ला त्याने स्कॉटला पत्र लिहिलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आतापर्यंत साधारण ६०,००० डॉलर किमतीची ही मालमत्ता आलीय असं आधी हिशेबात सांगतो, आणि मग विचारतो, आईबापाची सेवा घेऊन मी पोरं नाकारू शकतो का? माणुसकीच्या बाजूने मला शंका नाही, राजकीय बाजू ठरवायचा मला अधिकार नाही. एक महिन्यापूर्वी गुलामांचा उठाव मोडायला सैन्य देऊ करणारा हा माणूस! पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर, जो स्वतः ड्रेड स्कॉट या स्वातंत्र्य मागणाऱ्या गुलामाच्या बाजूने सुप्रीम कोर्टात उभा राहिलेला वकील, त्याने बटलरची पाठ थोपटली पण सुचवलं की कामाचे तेवढे ठेवा, बिनकामाचे मालकांनाच पोसू द्या. बटलरने तसं केलं नाही, सगळ्यांना ठेवलं. मला वाटतं या केसमध्ये त्याचं श्रेय द्यायचं तर त्या हजरजबाबी वाक्यापेक्षा या न केलेल्या गोष्टीसाठी द्यावं.

३० मे ला युद्धमंत्री सायमन कॅमेरनची मंजुरी आली. राज्यातल्या गुलामगिरीत ढवळाढवळ नको, पण बंडखोरांच्या सेवेतून तुमच्याकडे आलेल्यांना परत देऊ नका, कामाला लावा, त्यांच्या कामाच्या किमतीचा आणि पोसण्याच्या खर्चाचा हिशेब ठेवा, शेवटी त्यांचं काय करायचं ते नंतर बघू. टिपिकल सरकारी उत्तर, फाईल पुढे ढकलली. पण परत देऊ नका एवढं लेखी आलं, आणि तेवढं पुरलं.

मधे १० जूनला बिग बेथेलला बटलरच्या फौजेने मार खाल्ला (सेनापती म्हणून हा माणूस सुमारच, त्यावर वेळ घालवत नाही). जुलैत बुल रनला युनियनचा पराभव झाला, बटलरच्या काही पलटणी वॉशिंग्टनला काढून घेतल्या, हॅम्प्टन गाव सोडून किल्ल्यात यावं लागलं, आणि गावात राहिलेली ही शेकडो माणसं मालक परत येईल या भीतीने सामान डोक्यावर घेऊन धावत आली. ३० जुलैला त्याने कॅमेरनला पुन्हा लिहिलं. आता आकडा ९००: धडधाकट पुरुष ३००, जास्त काम न होणारे ३०, बायका १७५, दहा वर्षांखालची मुलं २२५, दहा ते अठरा वयाची १७०. आणि मग थेट प्रश्न, ही माणसं गुलाम आहेत की स्वतंत्र? यांची स्थिती माणसांची की मालमत्तेची? आणि उत्तर पण स्वतःच देतो, पुन्हा समुद्री कायद्यातूनच. मालकाने टाकून दिलेला माल, जसं बुडतं जहाज सोडून खलाशी निघून जातात, तो वाचवणाऱ्याचा होतो. वाचवणारे आम्ही. पण आम्हाला असली मालमत्ता नको, आम्ही ती ठेवणार नाही. मग मालकी हे नातंच संपलं की नाही? मग ते आता पुरुष, बायका आणि मुलं झाले नाहीत का?

दोन महिन्यांत पावतीपासून इथपर्यंत.

सरकार मात्र सावकाश चाललं. जुलैच्या शेवटीच काँग्रेसने ठराव केला होता की हे युद्ध दक्षिणेच्या प्रस्थापित संस्था मोडायला नाही. आणि दोन आठवड्यांत, ६ ऑगस्ट १८६१ ला, त्याच काँग्रेसने पहिला जप्ती कायदा केला, जो गुलाम बंडखोरांच्या लष्करी कामाला लावला त्यावरचा मालकाचा हक्क गेला. हे बटलरचंच लॉजिक, कायद्याच्या भाषेत. मार्च १८६२ ला लष्करी अधिकाऱ्यांना गुलाम परत द्यायची बंदी, जुलैत दुसरा जप्ती कायदा, मग जाहीरनामा, मग डिसेंबर १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती. युद्ध संपेपर्यंत असे काही लाख लोक युनियनच्या छावण्यांत आले. म्हणून मला वाटतं दार त्या तिघांनी लोटलं, बटलरने फक्त फटीत पाय घातला, पण पाय वेळेवर घातला. आपल्या जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती गुलामांना मुक्त केल्याबद्दल, त्या सदाचारी लोकांच्या यादीत बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड ही नावं मी तरी पहिली घालीन.

आता सगळं गोड चाललं असं समजू नका. मालमत्ता म्हणून घेतलं त्याचा कडू भाग पण होताच. त्या लोकांना पुढे अख्ख्या युद्धभर 'कॉन्ट्राबँड' हेच नाव चिकटलं, स्वतः गुलामगिरीतून निसटलेला नेता फ्रेडरिक डग्लस याने टोमणा मारला की हे नाव माणसापेक्षा पिस्तुलाला जास्त शोभतं. ऑगस्टमध्ये बटलरच्या जागी जनरल वूल आला, त्याने महिना आठ-दहा डॉलर मजुरी ठरवली पण बरीचशी रक्कम कपडेलत्ते आणि बाकीच्यांना पोसायच्या नावाखाली कापून घेतली जायची, कित्येकांना महिनोन् महिने काहीच मिळालं नाही, मिशनरी लॉकवूडने त्याबद्दल तक्रारींचा धडाका लावला. ७ ऑगस्टला बंडखोरांनी स्वतःच हॅम्प्टन गाव जाळलं होतं, त्याच राखेवर उरलेल्या विटा-फळ्या घेऊन या लोकांनी वस्ती उभी केली. सप्टेंबरात मेरी पीक या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईने पोरांना शिकवायला सुरुवात केली, ती फेब्रुवारी १८६२ मध्ये क्षयाने गेली, पण त्या परिसरात १८६८ ला हॅम्प्टन इन्स्टिट्यूट उभी राहिली जिथे पुढचा कृष्णवर्णीय पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन शिकला.

आणि बटलर बदलला का? एकदम नाही. १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याचा अधिकारी जनरल फेल्प्स पळून आलेल्या गुलामांना बंदुका देऊ म्हणाला तर बटलरने त्याला झाडं तोडायच्या कामाला लावा म्हणून सांगितलं, फेल्प्सने राजीनामा फेकला, आणि काही आठवड्यांतच बटलरने स्वतः कृष्णवर्णीयांच्या पलटणी उभ्या केल्या. तिथल्या कडक कारभारामुळे दक्षिणेत त्याला 'बीस्ट' म्हणत, चांदीचे चमचे चोरल्याचा आरोप होऊन 'स्पून्स' पण म्हणत. युद्धानंतर रिपब्लिकन खासदार, १८६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या महाभियोगात सरकारी वकिलासारखा उभा, १८७१ च्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशती टोळीविरोधी कायद्यामागे, १८७५ च्या नागरी हक्क कायद्यामागे. १८८३ ला एकदाचा मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला आणि जॉर्ज रफिन या कृष्णवर्णीय वकिलाला न्यायाधीश नेमलं. १८८४ ला ग्रीनबॅक पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून आपटला. ११ जानेवारी १८९३ ला वॉशिंग्टनमध्ये गेला.

राहिला तो बटलरच्या त्या मतांचा धनी. जेफर्सन डेव्हिस २२ मे १८६५ ला, बटलर तिथे पोचला त्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, कैदी म्हणून फोर्ट मन्रोत आला आणि दोन वर्षं तिथे राहून जामिनावर सुटला. देशद्रोहाचा खटला कधी उभाच राहिला नाही, कारण सरकारला धास्ती की व्हर्जिनियाच्या ज्युरीने सोडून दिलं तर फुटून निघणं कायदेशीर होतं असाच अर्थ निघेल. तो प्रश्न सुप्रीम कोर्टाने १८६९ मध्ये टेक्सास विरुद्ध व्हाइट या केसमध्ये मिटवला, फुटून निघण्याचे ठराव मुळातच शून्य होते, ती राज्यं कधी बाहेर गेलीच नव्हती. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश सॅमन चेस, जे तरुणपणी पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवायचे. त्या हिशेबाने त्या दिवशी रस्त्यावर मेजर कॅरीचाच मुद्दा बरोबर होता. फ्युजिटिव्ह स्लेव्ह कायदा मात्र १८६४ मध्येच रद्द झाला होता.